जिताड्याचा पंचनामा

"बाई, तुम्ही गुन्हा शिकायला आलात ना? मग नाक धरू नका. हा घ्या, ताजा आहे."

फौजदार सरनोबतांनी बुटाच्या टोकानं टोपली माझ्याकडे सरकवली. करवली चौकीच्या ओसरीवर आम्ही सगळे त्या टोपलीभोवती बसलो होतो. आत बोय होती, शिंगाळे होते आणि सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी, हातभर लांब एक जिताडा. सकाळच्या ओहोटीला करवलीच्या खाडीभर असे मासे उलटे तरंगत होते. काही अजून तोंड उघडमीट करत होते, जणू तक्रार लिहून घ्यायला कुणी येतंय का ते बघत होते.

आरोपी कोपऱ्यात उकिडवी बसली होती. बारकी हिलम, कातकरवाडीची. चाळिशीची असेल. तिच्यापुढे वर्तमानपत्राच्या कागदावर मूठभर ठेचलेली गेळफळं ठेवली होती. गेळ ठेचून ओढ्याच्या डोहात घोळवलं की मासे गुंगतात आणि हातानं वेचता येतात. डोंगराकडच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या होत्या. बारकीनंही आदल्या दिवशी केलं होतं, आणि आता खाडीभर मेलेले मासे तिच्या नावावर चढवायचे चालले होते.

भोपाळच्या वायुकांडाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी गुन्हेशास्त्राच्या एम.ए.ला होते. वडिलांचं किराण्याचं दुकान, त्यामुळे माणसं वाचायची सवय शास्त्राच्या आधीची. उधारीवाला दारात आला की आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो, हे मला कुठल्या प्राध्यापकानं शिकवलं नव्हतं.

आमचे प्राध्यापक म्हणजे डॉ. टिपणीस. औद्योगिक वसाहतीतली गुन्हेगारी हा त्यांचा प्रकल्प: भंगारचोरी, हातभट्टी, पगाराच्या दिवशीच्या मारामाऱ्या. त्यासाठी आम्ही करवलीला आलो होतो, रंगाच्या कारखान्याच्या जीपमधून, आणि उतरलो होतो कारखान्याच्याच गेस्ट हाऊसवर. येताना वाटेत मी धीर करून विचारलं होतं, "सर, ही खाडी मारली जातेय, हा विषय घेतला तर?"

"मिस शेट्ये," सर म्हणाले, "ते प्रदूषण. आपण गुन्ह्याचे अभ्यासक. कलम नाही तिथे गुन्हा नाही. उद्या तुम्ही दुष्काळ पाडला म्हणून ढगावर खटला भराल!"

ड्रायव्हर हसला, म्हणून मीही हसले. सरांचा विनोद हसल्याशिवाय पुढे सरकत नसे.

त्या रात्री गेस्ट हाऊसच्या ताटात सुरमई होती. मुंबईहून बर्फात आलेली. खिडकीतून खाडी दिसत होती. आंब्याच्या बागेत बसून डब्यातला आमरस खावा तसं मला वाटलं. मी यजमानांना, म्हणजे कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी खानविलकर यांना विचारलं, "इथली मासळी नाही का मिळत?"

"क्वालिटी, मॅडम," खानविलकर म्हणाले आणि सरांना आणखी एक तुकडा वाढला.

मी तो शब्द पदरात बांधून ठेवला.

आता तेच खानविलकर फौजदारांच्या शेजारच्या खुर्चीत, सफारीची इस्त्री सांभाळत बसले होते. सकाळी मासे तरंगल्यापासून तासाभरात ते चौकीवर पोचले होते. आग लागायच्या आधी बंब आला की मला बंबाचाच संशय येतो.

"सरनोबत, पटकन उरका," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेबांना वसाहत दाखवायची आहे."

नुसतं 'सरनोबत'. साहेब नाही, राव नाही. फौजदारांनी पेन उघडलं, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मी ते हललेलं टोकही जमा करून ठेवलं.

तक्रारदार होता धर्मा नाखवा, कोळी जमातीचा म्होरक्या. सत्तरीचा, काळाभोर, खांद्यावर टॉवेल. त्याचा मुलगा कारखान्याच्या लाँचवर कामाला होता. नाखवा टोपलीकडे बघत नव्हता. आपल्या घरातल्या मेलेल्या माणसाकडे परक्या लोकांत बघवत नाही, तसं.

"सायब, आमची रीत जुनी हाय," तो म्हणाला. "पाण्यात इख टाकलं का त्याला खाडी बंद. एकल्याला नाय, त्याच्या वाडीला. गुन्हा शाबीत झाला का कातकरवाडीचं माणूस खाडीत पाय नाय ठेवणार. चिंबोरी नाय, कालवं नाय, काय नाय."

बारकीनं पहिल्यांदा मान वर केली. "मंग वाडीनं काय खायाचं, नाखवा? तुजा टॉवेल?"

हवालदार गायकर खोकला. हसू गिळताना माणूस खोकतो.

"गप गो," नाखवा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

फौजदारांनी जबाब सुरू केला. "नाव?"

"बारकी."

"नवऱ्याचं?"

"त्याचं कशाला? त्यानं काय मारलं नाय. तो झोपला व्हता."

"पाण्यात विष टाकलंस?"

"गेळ टाकलं. ओढ्याला. वरल्या डोहात."

"कशाला?"

"मासं मारायाला."

"म्हणजे मासे मारायच्या हेतूनं?"

"मंग काय आंघोळ घालायाला? मासं मारायाला, मारलं, खाल्लं. पोरांनी खाल्लं, सासूनं खाल्लं. सासू अजून हाय." तिनं सुस्कारा टाकला. "चांगली हाय."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं आणि ते सरांकडे वळले. "डॉक्टरसाहेब, तुम्ही यातले जाणकार. इंग्रजाच्या वेळचा मासळीचा कायदा आहे आमच्याकडे. मासे मारायच्या हेतूनं पाण्यात विष टाकलं तर गुन्हा. बसतो ना हिला?"

सरांचा चेहरा उजळला. पहिल्या बाकावरच्या मुलाला येणारा प्रश्न विचारावा, तसा. त्यांनी चष्मा पुसला. "गुन्ह्याला दोन पाय असतात, फौजदारसाहेब. एक कृती, दुसरं मन. नुसती कृती म्हणजे अपघात, नुसतं मन म्हणजे स्वप्न. मन म्हणजे काय? तर हेतू, किंवा होणाऱ्या परिणामाची जाणीव. या स्त्रीनं कृती कबूल केली, हेतूही कबूल केला. इतकं स्वच्छ उदाहरण मी वर्गातसुद्धा देऊ शकणार नाही."

"पण सर," मी म्हटलं, "ओढा कुठे, खाडी कुठे? आणि कारखान्याचा पाइप तर खाडीतच उघडतो. काल संध्याकाळी पाणी जांभळं होतं, आपण जीपमधून पाहिलं."

"मॅडम," खानविलकर अगदी गोड आवाजात म्हणाले, "आम्ही रंग बनवतो. मासे मारून आम्हाला काय मिळणार? आमचा हेतू विचाराल तर आमचा हेतू रंग बनवण्याचा!"

ओसरीवर हशा झाला. सरही हसले. "बघा, मिस शेट्ये. हेतूच नाही."

मला आजही तो हशा ऐकू येतो. भुकेपोटी डोहातले चार मासे मारले ती गुन्हेगार, कारण तिला मासे हवे होते. ज्यांनी खाडीतला शेवटचा मासा मारला ते निर्दोष, कारण त्यांना मासे नकोच होते. आणि हे सगळं शास्त्रशुद्ध! माझ्या वहीत मी हीच व्याख्या लाल शाईनं अधोरेखित करून ठेवली होती.

"पाइपाचं काय मग?" मी फौजदारांना विचारलं.

"बाई, कारखान्याच्या पाण्याचं खातं वेगळं. त्यांचे साहेब मुंबईत बसतात. माझ्या चौकीत पाणी येतं ते माठात." त्यांनी टोपलीकडे पाहिलं. "गायकर, मुद्देमालाचा पंचनामा करा आणि पुरून टाका. दुपारपर्यंत चौकीत बसवणार नाही."

मी जिताड्याकडे बघत होते. त्या बाजूला जिताड्याचं महत्त्व बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मामलेदाराकडे काम अडलं, की केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घरी पोचवायचा. मुलीच्या सासऱ्याला पहिला मान द्यायचा तो जिताड्याचा. कागद हलत नसेल तर जिताडा हलवतो म्हणत. तो नाकारणारा माणूस त्या तालुक्यात जन्माला यायचा होता. खानविलकर तर त्याच तालुक्यातले.

"फौजदारसाहेब," मी 'साहेब' जरा लांबवलं, "पुरायच्या आधी आणखी एक पंचनामा करता येईल."

"कसला?"

"तळून."

सर म्हणाले, "मिस शेट्ये!"

"नाही सर, शास्त्रच आहे. गेळानं गुंगलेला मासा खाल्ला तर काही होत नाही. हिची सासूसुद्धा धडधाकट आहे. हे मासे बारकीच्या गेळानं मेले असतील, तर खायला काय हरकत? खानविलकरसाहेबांची तर खात्रीच आहे. त्यांनी एक तुकडा खावा. मी लगेच लिहून देते की आरोपी हीच."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग खानविलकरांकडे. मिशीचं ते टोक पुन्हा हललं. चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही, पण अपमान विसरणारा नव्हता, आणि त्या दिवशी तेवढं पुरलं.

"गायकर, स्टोव्ह आहे ना मागे?"

"आहे, साहेब."

"जिताडा कापा. तिखट-मीठ लावून. पाहुण्यांना शोभेलसा."

खानविलकर हसले. "काय सरनोबत, थट्टा..."

"थट्टा कसली? तपास आहे."

तळणीचा आवाज मागून येऊ लागला. नेहमी जिताडा तळताना आळीभर वास सुटतो. त्या दिवशीही सुटला, पण त्याच्या आत दुसरा एक वास होता. रंगाचा डबा उघडल्यासारखा, गोडसर, जिभेला चिकटणारा. बारकीनं पदर नाकाला लावला. नाखव्यानं डोळे मिटले.

गायकरनं स्टीलच्या ताटात एक तुकडा आणून खानविलकरांपुढे स्टुलावर ठेवला. वर लिंबाची फोडही ठेवली होती. पोलिसांतही कलावंत असतात.

"घ्या," फौजदार म्हणाले.

"माझं पोट जरा..."

"काल रात्री सुरमई चांगली चालली," मी म्हटलं. "चार तुकडे."

"मॅडम, आज वार..."

"बुधवार आहे."

घामाचा एक थेंब सफारीच्या कॉलरवर पडला. "मी खाडीचं खात नाही," ते म्हणाले.

"तुम्ही इथलेच ना? लहानपणापासून नाही खात?"

"लहानपणी खायचो. आता नाही. कॉलनीत कुणीच खात नाही. मनाई आहे." बोलून गेल्यावर त्यांना कळलं, पण तोंडातून निघालेला शब्द आणि दुकानातून गेलेला माल परत घेता येत नाही.

"कुणाची मनाई?" फौजदारांनी विचारलं.

"म्हणजे... तशी तोंडी. मोठ्या साहेबांनी सगळ्या कुटुंबांना सांगितलंय. लहान मुलांना तर मुळीच देऊ नका म्हणून. काळजीपोटी, बस."

"कवापासनं?"

हा आवाज नाखव्याचा होता. तो उठून उभा राहिला होता.

"नाखवा, ते आमचं अंतर्गत..."

"कवापासनं, इचारतोय."

"झाली असतील दोन वर्षं."

धर्मा नाखवा टोपलीला वळसा घालून खानविलकरांच्या समोर आला. मला वाटलं, हा आता हात उगारणार. त्यानं ताट उचललं आणि दोन्ही हातांनी, नैवेद्य धरावा तसं त्यांच्या तोंडापुढे धरलं.

"तुमच्या पोरांना खाऊ नका सांगितलंव," तो म्हणाला. "मना का नाय सांगितलंव? रोज तुमच्या गेटावरून म्हावरं घेऊन जाते माझी सून. तुमचा वाचमन तिला हात करतो. एकान् पण सांगायचं नाय? माझी नात दीड वरसाची हाय. तिला पयला घास खाडीचा दिला. मीच दिला. या हातानं, बोयचा काटा काढून."

खानविलकर खुर्चीत मागे मागे सरकत होते.

"खा," नाखवा म्हणाला. "खा रं. एक घास. का आमच्या पोरांचा मान पयला?"

त्यानं ताट आणखी पुढे रेटलं. लिंबाची फोड घरंगळून खानविलकरांच्या मांडीवर पडली आणि ते विंचू पडल्यासारखे ताडकन उठले. लिंबाला! तेवढं पुरे होतं. त्या ओसरीवरचा प्रत्येक माणूस ते समजला. मला वाटलं, झालं. आता हे प्रकरण उलटणार.

मी सरांकडे वळले. "सर, हेतू नाही, कबूल. पण तुमच्या व्याख्येत हेतूच्या शेजारी काय होतं?"

सर टोपलीकडे बघत होते.

"सर?"

"जाणीव," ते पुटपुटले.

"ऐकलंत ना फौजदारसाहेब? यांना दोन वर्षांपासून जाणीव आहे. लिहा."

फौजदारांनी पेन उचललं, पण कागदावर टेकवलं नाही. एवढ्यात मिशी खाली बसली होती. खानविलकरांची गंमत करणं वेगळं आणि कारखान्यावर कागद करणं वेगळं, हा हिशेब त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही दोन ओळी लेखी द्या. जाणकाराचं मत म्हणून. मी पुढे पाठवतो."

सगळे सरांकडे बघू लागले. बारकीसुद्धा. तिला काय चाललंय ते नीट कळलं नसेल, पण कुणाच्या हातात काय आहे हे गरिबाला लवकर कळतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "एका न खाल्लेल्या तुकड्यावरून शास्त्रीय मत देणं... हे पाहा, हा आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे. रसायनशास्त्राचा आहे. मी फक्त गुन्ह्यावर बोलू शकतो."

"मग गुन्ह्यावर द्या," फौजदार म्हणाले.

"गुन्हा तर या बाईनं कबूल केलाच आहे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. खानविलकर जीपमध्ये जाऊन बसलेही होते. सर उठले. "चला, मिस शेट्ये. वसाहत बघायची राहिलीय."

"तुम्ही बघा, सर," मी म्हटलं. "मी गुन्हा बघतेय."

ते गेले. त्या जीपची धूळ खाली बसायच्या आत माझा मार्गदर्शक बदलला होता, हे विभागाला कळायला आणखी दोन महिने लागले.

नाखव्यानं अंगठा पुढे केला. "सायब, माझी तक्रार मागं घेतो."

"आता मागे येत नाही, नाखवा. कबुली झालीय. हा आता सरकारचा खटला." फौजदारांना खरंच वाईट वाटत असावं. वाईट वाटायला काही लागत नाही.

खटला उभा राहिला. बारकीला मी शिकवलं होतं की नाही म्हण, ओढा आणि खाडी वेगळी म्हण. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "मासे मारायला पाण्यात गेळ टाकलंस?" बारकी म्हणाली, "हां. टाकलं. त्या सफारीवाल्याला पन इचारा." मॅजिस्ट्रेट म्हणाले, ते आरोपी नाहीत. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. "हीच कैद?" ती म्हणाली. "पंखा हाय की." मग म्हणाली, "वाडीला काय सांगू?"

सांगायची वेळ आली नाही. बंदी नको म्हणणारा नाखवा जमातीत एकटा पडला. त्याच्या मुलाला लाँचवरून काढलं, आणि ते बघून बाकीच्यांना आपापली मुलं आठवली. गुन्हा शाबीत झाला, म्हणून कातकरवाडीला खाडी बंद झाली. बंदी घातली तेव्हा खाडीत बंदी घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर गेली, ती तशीच पांगली.

सरांचा लेख छापून आला, भंगारचोरीवर. त्यात खाली बारीक टाइपात एक तळटीप होती: 'एका स्थानिक स्त्रीकडून जलाशयात विषप्रयोग झाल्याचेही आढळले.' पुढे कित्येक वर्षांनी पर्यावरणाविरुद्धचे गुन्हे हा विषय परदेशातून नाव-गाव घेऊन आला, आपल्याकडे अभ्यासक्रमात बसला, परिषदा होऊ लागल्या. तेव्हा कुणीतरी ती तळटीप शोधून काढली आणि टिपणीस सरांना या विषयाचे महाराष्ट्रातले आद्य अभ्यासक म्हणून शाल दिली. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशी जेवणात सुरमई होती.

आता मी निवृत्तीला आले आहे. गेल्या महिन्यात माझा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. मोठा हुशार आणि उत्साही. पाण्यात विष सोडल्याबद्दल झालेल्या जुन्या शिक्षा तो तालुकावार जमवतोय.

"मॅडम, करवली तालुक्यात इतके कारखाने, आणि सगळ्या वर्षांत मिळून शिक्षा एकच. पण झाली तरी! बी. हिलम म्हणून आहे. कुठली कंपनी ही? मोठी असणार."

माझ्या तोंडात काय आलं ते इथे लिहीत नाही. मुलगा बिचारा दचकला. मग मी त्याला ओसरीपासून पंख्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"मग नाव काढून टाकू का, मॅडम?"

"खबरदार. शिक्षा झालीय तिला. नाव राहू दे. फक्त तिच्या नावाच्या वर कारखान्यासाठी एक ओळ कोरी सोड."

"कोरी? का म्हणून? परीक्षक विचारतील."

"विचारू देत," मी म्हटलं. "त्यासाठीच सोडायची."